द्वारकाकाकूंचं मावंदं

आमच्या शेजारच्या द्वारकाकाकू खोटं बोलत. ही मी त्यांची चहाडी करत नाहीये. अख्ख्या मेहकरला ते माहीत होतं, मेहकरला माहीत आहे हे काकूंनाही माहीत होतं, आणि तरी दोन्ही पक्षांचं गुण्यागोविंदानं चाललं होतं. काकूंच्या खोट्यानं कुणाचं काही गेलं नाही आणि काकूंना त्यातून काही मिळालं नाही. काही बायकांना पान लागतं, काहींना तपकीर लागते, काकूंना थाप लागायची.

लग्न होऊन मी मेहकरला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि माझा संसार त्याहून नवा. आमचे हे तहसील कचेरीत कारकून. आमच्या घराची भिंत काकूंच्या घराला लागून. पहिल्याच दुपारी एक ठेंगणी, गोरी बाई डोक्यावरचा पदर सावरत वाटीभर भाजी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, ही वांगी साधी नाहीत, कलकत्त्याच्या लाटसाहेबाच्या बागेतून आणलेल्या बियांची आहेत. मी तोंडाचा आ केला तशी ती पुढे सरकली. "मी खोटं कायले बोलू, माय?"

मी भाबडी. माहेरी आईला बियांचं कळवून मोकळी झाले. पुढच्या आठवडी बाजारात पाहते तर काकू एका माळणीशी त्याच वांग्यांवरून भांडत होत्या, आणि माळीण डोणगावची होती. मला पाहून काकू जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, हे लाटसाहेबाच्याच वांग्याचं खानदान, इथल्या उन्हानं जरा काळवंडलं.

हळूहळू मला सवय झाली. भिंतीपलीकडून झुणक्याचा खमंग वास यायचा आणि काकू सांगायच्या, आज बासुंदी केली. त्यांच्या बोक्याला फक्त हैदराबादी उर्दू कळायची, कारण तो म्हणे एका नबाबाच्या हवेलीतून पळून आला होता. त्या त्याला 'तशरीफ ठेवा' म्हणून दूध देत. एकदा तर त्यांनी खामगावची बस पाव तास थांबवून धरली होती. कंडक्टरला सांगितलं, कलेक्टरची सासू मागून येऊन राह्यली. सासू म्हणजे मीच होते, चप्पल तुटली म्हणून मागे राहिलेली. मी धापा टाकत चढले तर कंडक्टर उठून उभा राहिला. माझं वय तेव्हा वीस-एकवीस. खामगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले.

काकूंचे यजमान दादाकाका हे अगदी दुसरं टोक. डोणगावला त्यांची बरीच शेती होती, पण काका मेहकरला राहून ती लांबूनच बघत. बोलणं जवळजवळ नाहीच. काकूंची थाप ऐकून कुणी काकांकडे खात्रीसाठी बघितलं की काका म्हणत, "असंल." एवढंच. हो नाही आणि नाही नाही. मूलबाळ त्यांना नव्हतं. काकूंची सगळी माया धाकट्या बहिणीवर, वेणूवर, आणि वेणूच्या मुलीवर, कुसुमवर. वेणू डोणगावलाच दिलेली. ती बिचारी बोलायला लागली की मध्येच हसायची आणि वाक्य अर्धंच राहायचं.

मी आल्यानंतर दुसऱ्या वर्षी काका-काकू काशीला गेले. गेले ते चांगले चार-सहा महिने आलेच नाहीत. परत आले तेव्हा काकू ओळखू येईनात. गाल बसलेले, रंग उडालेला. काशीचं पाणी मानवलं नाही म्हणाल्या. पण तोंड तेच. पहिल्याच दिवशी मला सांगितलं, घाटावर एका माकडानं त्यांचा चष्मा पळवला, डोळ्यांना लावून पाहिला, आणि नंबर जुळेना म्हणून आणून दिला. मी हसून हसून दमले. काका तिथंच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते उठून आत गेले. 'असंल'सुद्धा म्हणाले नाहीत.

काशीहून आलेल्या माणसानं गावाला जेवू घालायचं, ते मावंदं. काकांनी ते दणक्यात घातलं. गल्लीच काय, अर्धं मेहकर आणि डोणगावहून गाड्या भरभरून माणसं जेवून गेली. घरटी एक तांब्याचा लहानसा गडू, तोंड डाग देऊन बंद केलेला, आत गंगेचं पाणी. आम्हालाही मिळाला. मी तो देव्हाऱ्यात ठेवला. वेणू मोठा आहेर घेऊन आली होती, जांभळ्या रंगाचं, केशरी काठाचं नागपुरी लुगडं. कुसुम तेव्हा लग्नाची झालेली. ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती, की दुकानात आई हिरवं घेत होती, जांभळं आपण निवडलं. काकूंनी ते लुगडं छातीशी धरलं आणि त्यांना रडू आलं. काशीची पुण्याई, असं सगळ्या म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुमचं लग्न झालं. पिंपळगाव राजाचं घर, चांगलं खातंपितं. आणि त्यानंतर तिसऱ्या वर्षी वेणू गेली. छातीत गाठ होती. तिनं ती कुणाला दाखवलीच नव्हती. कळलं तेव्हा ती फुटून वाहत होती. काकू शेवटचे पंधरा-वीस दिवस डोणगावला जाऊन राहिल्या. परत आल्या आणि आठवडाभरात पुन्हा थापा मारू लागल्या. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मनात आलं, या बाईला कशाचंच काही नाही.

याच सुमारास मेहकरच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, तुडतुड चालणाऱ्या, पदर कमरेला खोचून बोलणाऱ्या. आमच्या महिला मंडळाची मी चिटणीस. त्या एक दिवस मंडळात आल्या आणि म्हणाल्या, बायका गाठी लपवतात आणि मरतात, आणि ज्यांना मुंबईला पाठवावं त्यांच्याकडे गाडीभाडं नसतं. मंडळानं एखादा कार्यक्रम करून निधी उभारावा. मंडळाला हळदीकुंकवापलीकडचा कार्यक्रम म्हणजे गाण्याच्या भेंड्या. बरीच चर्चा होऊन ठरलं की वेगवेगळ्या प्रांतांतल्या नेसण्यांचा कार्यक्रम करायचा. शाळेच्या मैदानावर मंडप, लाउडस्पीकर, आणि एकेक बाई बंगाली, गुजराती, कोळीण, मद्रासीण अशी नेसून स्टेजवरून चालत जाणार. तिकीट लावायचं. पुरुषांनाही सोडायचं का यावर दोन बैठका झाल्या. सोडायचं ठरलं, कारण तिकिटं तेच घेणार होते.

मग डॉक्टरीणबाईंनी खरा बॉम्ब टाकला. म्हणाल्या, शेवटी त्या बायका आणा ज्यांना हा आजार झाला होता आणि ज्या बऱ्या झाल्या. नटूनथटून चालू द्या त्यांना. लोकांनी एकदा डोळ्यांनी बघितलं पाहिजे की यातून माणूस उठतं. त्यांनी मुंबईला असा कार्यक्रम पाहिला होता म्हणे.

मुंबईला ठीक आहे हो. इथं त्या आजाराचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. 'तो रोग' म्हणायचे आणि अंगणात थुंकायचे. अख्ख्या तालुक्यात डॉक्टरीणबाईंना माहीत असलेल्या बऱ्या झालेल्या बायका तीन. एकीच्या नवऱ्यानं आम्हाला दारातूनच वाटेला लावलं. दुसरीनं आजार झालाच नव्हता असं शपथेवर सांगितलं. राहिल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गवईबाई. त्या लगेच हो म्हणाल्या. त्या ऑपरेशन करून परत कामावर आल्या तेव्हा काही पालक म्हणाले होते, आमच्या पोरांना हिचा वारा नको. बाईंनी त्या पोरांना व्हरांड्यात बसवलं आणि वर्गातून एवढ्या खणखणीत आवाजात शिकवलं, की आतल्या पोरांपेक्षा व्हरांड्यातल्यांना पाढे चांगले आले.

पण एकट्या गवईबाईंना कसं चालवायचं? आणखी एक तरी पाहिजे होती. द्वारकाकाकू या सगळ्या बैठकांना हजर. त्यांनी बंगाली नेसण्याचं काम केव्हाच घेतलं होतं, कारण आपण कलकत्त्याला वर्षभर राहिलो, मी खोटं कायले बोलू. दुसऱ्या बाईचा विषय निघाला की मात्र त्या गप्प. एकदा तर बैठक अर्धी टाकून उठून गेल्या.

त्याच दिवशी दुपारी हे कचेरीत असताना काकू आमच्याकडे आल्या. दार लावून घेतलं, कडी घातली. म्हणाल्या, ती दुसरी बाई म्हणजे मी.

मला इतका राग आला म्हणून सांगू. म्हटलं, काकू, प्रत्येक गोष्टीत थाप चालत नाही. लोक मरतात यात. तुमची सख्खी बहीण यात गेली, तुम्हाला काही वाटतं की नाही? मी आवाजही चढवला असेन.

काकू पाठमोऱ्या झाल्या, चोळीची गाठ सोडली आणि माझ्याकडे वळल्या. डावीकडे काही नव्हतं. काखेपासून खालपर्यंत नुसती ओढलेली कातडी आणि जुना व्रण. त्यांच्या हातात एक लहानशी गोल उशी होती, मांजरपाटाची, टाके अगदी बारीक. माझा चेहरा पाहून काकूंनीच मला समजावणीच्या सुरात सांगितलं, की यात सरकी काढून कापूस भरावा लागतो, नाही तर टोचते. कापूस यंदाचाच आहे, काकांच्या शेतातला.

मग त्या बोलल्या. मी त्यांना कधी एवढं सरळ बोलताना ऐकलं नव्हतं.

काशी वगैरे काही नव्हतं. गाठ सापडली तशी काकांनी त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, नळ बाजारात एका ओळखीच्यांकडे खोली घेऊन महिनेच्या महिने राहिले. काशीची कल्पना काकांची. जन्मभर 'असंल'पलीकडे न बोललेल्या माणसाची ती एकच थाप, आणि ती काकूंच्या सगळ्या थापांना पुरून उरली. कारण कुसुम लग्नाची होती. पिंपळगाव राजाच्या मंडळींची बोलणी चालू होती. मुलीच्या मावशीला तो रोग आहे हे कळतं, तर रक्तातच आहे म्हणून ते उठून गेले असते, आणि मग दुसरं कुणी दारात आलं नसतं. म्हणून काशी, म्हणून मावंदं, म्हणून घरोघर गडू. वेणूलाही सांगायचं नाही असं ठरलं. ती हसता हसता कुणाजवळ तरी बोलून जाईल.

"अन् मंग तिलेच झालं," काकू म्हणाल्या. "पोरीले नुकतंच दिलेलं, सासरी कळंन म्हणून तिनं लपवलं. तिले वाटे, यातून कोणी वाचतच नाही. तिची सख्खी बहीण वाचून बसली होती, अन् तिले माहीत नोतं."

मी विचारलं, शेवटी तरी सांगितलं का?

"सांगतलं ना. तिच्या उशाशी बसून सांगतलं. वेणे, मी काशीले गेली नोती, मलेही हेच होतं. तं हसली. म्हणे, ताई, तू मले बरं वाटावं म्हणून कायबी सांगतं." काकूंनी चोळीची गाठ पुन्हा मारली. "तिच्यापुढं चोळी सोडायले हात उचलला नाही माहा. तेव्हा सांगून तिले का भेटलं असतं? नुसतं समजलं असतं, का आपून वाचलो असतो."

मला वाटलं, एवढंच सांगायला आल्या असतील. पण खरी गोष्ट पुढे होती. या दिवाळीला कुसुम माहेरी आली होती, आई नाही म्हणून काकू डोणगावला गेल्या होत्या तिचं न्हाणं करायला. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावताना त्यांचा हात कुसुमच्या छातीवरून गेला आणि गाठीवर थांबला. कुसुमनं त्यांचा हात धरून बाजूला केला. कुणाला सांगू नका म्हणाली. काकूंनी तिला कळवळून सांगितलं, की मलाही होतं, मी बरी झाले, तू मुंबईला चल. कुसुम म्हणाली, "मावशी, माह्या आईलेही तुमी हेच सांगतलं होतं." आणि उठून अंगावर पाणी घेऊ लागली.

मी म्हटलं, काकू, मला दाखवलंत तसं तिला दाखवायचं होतं. लगेच विश्वास बसला असता.

"बसला असता. अन् मंग ती मले काय इचारणार होती? मावशी, तुमी वाचल्या तं माही आई काऊन मेली? त्याले का उत्तर देऊ? एकटीच्या डोळ्यात पाहून नाही होत माह्याच्यानं. हजार मानसाइच्या समोर होईन. तू फक्त तिले आन तिथं."

म्हणजे काकूंच्या पुढे असं होतं. कुसुमनं विश्वास ठेवला नाही तर कुसुम जाणार. ठेवला तर वाचणार, पण मग काकूंचं तोंडही पाहणार नाही. काका सोडले तर जगात त्यांना तेवढंच एक माणूस होतं. मी म्हटलं, आणते.

तिकिटं खपवायला म्हणून मी डोणगावला गेले. कुसुम अजून माहेरीच होती, सासरी जायचं टाळत होती असं मला वाटलं. तिला म्हटलं, नेसण्यांचा कार्यक्रम आहे, तुझी मावशी बंगालीण होणार आहे, चल. ती बऱ्याच दिवसांनी हसली, असं घरचे म्हणाले. बंगालीण झालेली मावशी बघायला ती आली. डोणगावहून बायकांनी भरलेली एक बसच आली. मी तिला पुढच्या सतरंजीवर, अगदी स्टेजच्या पायऱ्यांजवळ बसवलं.

कार्यक्रम झकास झाला. मद्रासिणीचा कासोटा मध्येच सुटला तो तिनं 'अय्यो' म्हणून साजरा केला. कोळीण म्हणून आलेल्या वकिलीणबाईंनी आयुष्यात मासा पाहिला नव्हता, त्यांनी टोपलीत भेंडी भरून आणली होती. पुरुषांच्या बाजूनं टाळ्या, शिट्ट्या. मग डॉक्टरीणबाईंनी माइकवर दोन शब्द सांगितले आणि गवईबाई आल्या. पांढरं पातळ, निळा काठ. सावकाश चालत मधोमध आल्या आणि म्हणाल्या, "मला कॅन्सर झाला होता. मी बरी आहे. उद्या शाळा आहे." बाईंनी एकदा व्हरांड्यात बसवलेली ती जुनी पोरंच आधी टाळ्या वाजवायला लागली, मागून सगळे.

नंतर द्वारकाकाकू. बंगाली नाही, आपलं नेहमीचं नऊवारी नेसणं. लुगडं जांभळं, केशरी काठाचं. त्यांना बघूनच मैदान खूश झालं. कुणी तरी ओरडलं, काकू, कलकत्त्याहून केव्हा आल्या? काकू माइकजवळ आल्या. त्यांचे ओठ कोरडे पडलेले मला विंगेतून दिसत होते. आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचं निघावं तसं निघालं.

"मी खोटं कायले बोलू," त्या म्हणाल्या, आणि अख्खं मेहकर फुटलं.

काय हसले लोक! काकू थांबल्या, पुन्हा बोलू लागल्या. मी काशीले गेलीच नोती. मुंबईच्या दवाखान्यात होती. तो रोग मलेही झाला. प्रत्येक वाक्याला हशा. शेजारची वकिलीण मला म्हणाली, यावेळी जरा अतीच झालं हं. मागून एकानं विचारलं, काकू, मग गंगेचं पाणी कुठलं? काकूंनी सरळ सांगितलं, पैनगंगेचं, दोनपदरी धोतरानं गाळून भरलं. तिथं हशा जरा अडखळला. कारण पुष्कळांच्या घरी तो गडू होता, आणि काहींच्या घरचा फोडलेला होता. लोकांनी सवयीनं दादाकाकांकडे पाहिलं. काका पुरुषांच्या पहिल्या रांगेत बसले होते. ते 'असंल' म्हणाले नाहीत. त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग काकूंनी खांद्यावरचा पदर घेतला, छातीवरून ओढून घट्ट केला आणि कमरेला खोचला. ती उशी आज त्यांनी घातली नव्हती. जांभळ्या लुगड्यात एक बाजू उंच आणि एक बाजू सपाट. अशा त्या मैदानासमोर उभ्या राहिल्या. डावीकडून वळल्या, उजवीकडून वळल्या, बाकीच्या बायका वळल्या होत्या तशाच. हसणं कुठल्या क्षणी बंद झालं ते मला सांगता येणार नाही.

मी कुसुमकडे पाहत होते. ती त्या लुगड्याकडे बघत होती. दुकानात आईच्या हातातलं हिरवं बाजूला सारून तिनं निवडलेलं लुगडं, काशीचा आहेर. तिचा हिशोब लागत होता तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. ती उठली. काकू पायऱ्यांपर्यंत आल्या होत्या.

"तवा माही आई चांगली होती," कुसुम म्हणाली. मोठ्यानं नाही, पण समोरच्या दोन रांगांना ऐकू गेलं. काकूंनी हो म्हणून मान हलवली. कुसुम वळली आणि सतरंज्यांवरच्या बायकांतून वाट काढत निघून गेली.

गावाचं पुढे बरेच दिवस पाण्यावरून चाललं. किराणा दुकानवाल्या शेठजींच्या वडिलांच्या तोंडात शेवटी त्याच गडूतलं पाणी घातलं होतं. शेठजी काकांना जाब विचारायला आले आणि काकांचं तोंड बघून चहा घेऊन परत गेले. आमच्या घरी आलेला गडू मी टाकला नाही. यांनी विचारलं, तर म्हटलं राहू दे.

कार्यक्रमाच्या तिसऱ्या दिवशी कुसुम नवऱ्याला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे आली. मंडळाच्या निधीतून पहिलं गाडीभाडं तिचंच गेलं. तिच्या सासरच्यांनी काही तमाशा केला नाही. ज्या भीतीपायी सगळं लपवलं, ते सासर चांगलं निघालं. सासू सोबत मुंबईला जाऊन राहिली. हे ऐकलं तेव्हा काकू कितीतरी वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. आधीच सांगितलं असतं तर, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

कुसुम बरी झाली. दर काही महिन्यांनी पिंपळगावहून मेहकरला यायची, डॉक्टरीणबाईंना दाखवायला. खामगाव तिला जवळ होतं, पण तिचा भरवसा या बाईंवर. काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबायची. तिथून काकूंचं दार दिसतं. ती दाराकडे कधी वळली नाही, आणि काकूंनीही तिला कधी हाक मारली नाही. ती येण्याच्या दिवशी काकू सकाळपासून आतल्या खोलीत जाऊन बसत, उगाच पोरीला त्रास नको म्हणून. थापा तर बंदच झाल्या होत्या. बासुंदी केली तर बासुंदी सांगत, झुणका केला तर झुणका. बोका दूध पिऊन निमूट निघून जायचा. गल्ली सुनी सुनी झाली होती, मला ते फार लागायचं. चांगल्या बोलणाऱ्या बाईला आपण सगळ्यांनी मिळून गप्प केलं असं वाटायचं.

अशाच एका फेरीला काकूंनी मला मागच्या दारानं बोलावलं. म्हणाल्या, कुसुम आली आहे, परतीच्या बसमध्ये ती चढेपर्यंत तिथं जाऊन उभी राहा. काय बोलायचं आहे का विचारलं तर नाही म्हणाल्या, नुसतं बघ. मी गेले. कुसुमनं मला ओळखलं, हसली, तब्येतीचं विचारलं. बस गच्च भरलेली होती. ती चढली, बस हलली.

मी परत आले. काकू चुलीपुढे बसल्या होत्या, चूल विझलेली.

"माह्याबद्दल काही इचारलं?"

मी नाही म्हटलं. खोटं हो म्हणणं किती सोपं होतं, पण जीभच वळली नाही.

काकूंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "बसाले जागा भेटली का तिले?"

"नाही काकू. उभीच होती."

"मंग वरची दांडी कोन्त्या हातानं धरली?"

मला आधी कळेना. मग काकूंनीच सांगितलं. या ऑपरेशननंतर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जात नाही. भिंतीवर रोज बोटं चढवत न्यावी लागतात, जीव जातो. पुष्कळ बायका कंटाळून सोडून देतात आणि हात तसाच राहतो जन्मभर. त्यांना स्वतःला जमायला वर्ष लागलं होतं. कुसुमचीही डावीच बाजू होती. कुणी तिला हे सांगितलं की नाही, ती करते की नाही, हे त्यांना विचारता येत नव्हतं.

मी डोळे मिटून आठवलं. उजव्या हातात तिची पिशवी होती.

"डाव्या," मी म्हटलं.

"पार वर गेला?"

"पार वर गेला काकू. सरळ."

काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि चुलीपुढे बसल्या बसल्या त्या मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.